छतावर सौरवीज, खिशातून हप्ता: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, डिचोली, पेडणे, वाळपई, कुठूनही प्रश्न आला तरी बहुतेक वेळा तो आधी कुणीतरी विचारलेलाच असतो. म्हणून ही उत्तरं एकत्र करून ठेवली आहेत. माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात झाली. त्यामुळे पॅनेलपेक्षा हप्त्याबद्दल जास्त बोलणं होणार, हे आधीच सांगतो. सोपे प्रश्न वर आहेत, डोकं खाणारे खाली.

1. छतावर सौर बसवलं की बिल नेमकं कसं कमी होतं? 300 युनिट सरकार माफ करतं का?

माफ काहीच होत नाही. दिवसा पॅनेल वीज तयार करतं, घरात लागेल तेवढी वापरली जाते आणि उरलेली वीज खात्याच्या तारेत जाते. रात्री तुम्ही तारेतून घेता. दुतर्फा मीटर दोन्ही आकडे नोंदवतो आणि बिल फरकाचं येतं. एका महिन्यात जास्तीची वीज गेली तर ती पुढच्या महिन्यात वळती होते आणि आर्थिक वर्ष संपताना हिशेब मिटवला जातो. स्थिर आकार मात्र चालूच राहतो.

केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतलं ‘300 युनिट मोफत’ म्हणजे 3 किलोवॅटच्या संचातून महिन्याला साधारण तेवढी वीज निघते, एवढंच. गोव्यात एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतो. त्यातही जुलै आणि एप्रिलमध्ये जमीन-अस्मानाचा फरक.

2. केंद्राचं अनुदान किती, आणि ते आधीच वजा होतं का?

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000. पाच किलोवॅट बसवले तरी रक्कम तीच. ईशान्येकडच्या आणि डोंगराळ राज्यांना थोडं जास्त मिळतं, त्या यादीत गोवा नाही.

पैसे आधी वजा होत नाहीत. राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज, नोंदणीकृत विक्रेता, उभारणी, वीज खात्याची तपासणी, मीटर, आणि मग रक्कम तुमच्या बँक खात्यात. कधी महिन्याभरात येते, कधी रेंगाळते. तोवर विक्रेत्याचं बिल कोण भरणार, हा प्रश्न सगळ्यात शेवटी आठवतो आणि सगळ्यात आधी सोडवायचा असतो. त्याबद्दल प्रश्न 4 पाहा.

अनुदान हवं असेल तर पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. ते थोडे महाग पडतात. ‘स्वस्तात देतो’ म्हणणारा परदेशी सेलचं पॅनेल दाखवत असेल, तर अनुदान विसरा.

3. गोव्यात वीज एवढी स्वस्त, मग हे परवडतं तरी का?

हाच खरा प्रश्न. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांनी सांगितलेला हिशेब इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

आपल्याकडे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिल्या शंभर युनिटांचा दर दोन रुपयांच्या आसपास असतो, चारशेच्या वर गेलात की जवळपास तिप्पट. सौर संच सगळ्यात वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्यातली युनिटं आधी खातो. म्हणून ज्याचं बिल मोठं, त्याचा फायदा मोठा.

दोन घरं घेऊ. संच 3 किलोवॅटचा, किंमत 1,90,000 धरू, अनुदान जाऊन 1,12,000. महिन्याला सरासरी 340 युनिटं तयार होतात.

पहिल्या घरात दोन एसी, महिन्याचा वापर 650 युनिट. वाचलेल्या युनिटाचा सरासरी दर साडेपाच रुपये धरला तर वर्षाला सुमारे 22,400 रुपये वाचतात. पाच वर्षांत पैसे वसूल.

दुसऱ्या घरात म्हातारा-म्हातारी, फ्रिज, तीन पंखे, टीव्ही. वापर 250 युनिट. त्यांची वाचलेली वीज अडीच रुपये दराची, म्हणजे वर्षाला 7,500. वसुलीला पंधरा वर्षं लागतात. मध्येच इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) बदलावा लागला तर आणखी पुढे.

दर दरवर्षी बदलतात. ते संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो. तेव्हा माझे आकडे खोडून तुमच्या बिलावरचे घाला. बारा महिन्यांची बिलं समोर ठेवा, कारण मे महिन्याचं एकटं बिल पाहून कुणीही पाच किलोवॅट बसवायला निघतो. सरासरी दोनशेच्या आत असेल तर मी स्वतः सौरासाठी कर्ज काढा असं सांगणार नाही. एक किंवा दोन किलोवॅट रोखीने घ्या, नाहीतर प्रश्न 5 कडे वळा.

4. कर्ज कसं मिळतं? घर गहाण ठेवावं लागतं का?

तीन किलोवॅटपर्यंतच्या संचाला सरकारी बँका विनातारण कर्ज देतात. व्याज रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) अधिक अर्धा टक्का. 2024 मध्ये रेपो साडेसहा होता तेव्हा ते सात टक्के पडत होतं. रेपो हलला की तेही हलतं. अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून जातो. घरगुती सौरासाठीचं 10 लाखांपर्यंतचं कर्ज बँकेच्या प्राधान्य क्षेत्रात मोडतं, त्यामुळे शाखेलाही ते नकोसं नसतं. ‘आमच्याकडे अशी योजना नाही’ हे वाक्य काउंटरवर ऐकलंत तर व्यवस्थापकांना भेटा.

हप्त्याचा अंदाज असा: सात टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी एक लाखाला महिना सुमारे 1,160 रुपये, पाच वर्षांसाठी सुमारे 1,980. प्रश्न 3 मधल्या पहिल्या घराची महिन्याची बचत 1,870 आहे, तिथे दहा वर्षांचा हप्ता बचतीतूनच जातो. दुसऱ्या घराची बचत 625. म्हणजे लाखामागे पेन्शनमधून दरमहा पदरचे पाचशेच्या वर घालायचे. कर्ज देणारा हे सांगणार नाही, त्याचं काम कर्ज देणं.

आता मधला खड्डा. अनुदान नंतर येत असल्यामुळे कर्ज 1,12,000 चं नाही, 1,70,000 चं निघतं (स्वतःचा वाटा वजा जाऊन). पुढे 78,000 खात्यात आले की ते कर्जात भरायचे. इथे लोक गफलत करतात. पैसे बचत खात्यात येतात आणि चवथीला, दिवाळीला कुठेतरी जिरतात. शाखेत आधीच लेखी देऊन ठेवा की रक्कम आली की कर्जखात्यात वळवा. शिवाय विचारा, हप्ता कमी होणार की मुदत? बऱ्याच बँका मुदत कमी करतात, हप्ता तोच ठेवतात.

5. आधी सौर, की आधी पंखे-फ्रिज बदलू?

आधी पंखे. साधा छतपंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा) पंखा तीसेक वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. दिवसाला बारा तास चालला तर वर्षाला एका पंख्यामागे जवळपास 200 युनिट वाचतात. चार पंख्यांची बचत म्हणजे अर्ध्या किलोवॅटपेक्षा जास्त सौर. चार पंखे बाराएक हजारात येतात, अर्धा किलोवॅट अनुदानाआधी त्याच्या दुपटीहून महाग. त्याला ना वीज खात्याची तपासणी, ना अनुदानाची वाट.

मग न्हाणीतला गीझर आणि पंधरा वर्षांचा फ्रिज. माजघरात जुना फ्रिज ठेवून नव्यात दूध आणि जुन्यात फक्त पाण्याच्या बाटल्या, हे दृश्य मी इतक्या घरांत पाहिलं आहे की आता विचारतोच.

एकत्रित खरेदीने किंमत किती पडते, याचं उदाहरण एलईडी दिव्याचं. उजाला योजना जानेवारी 2015 मध्ये देशभर सुरू झाली. ईईएसएल या सरकारी कंपनीने कोट्यवधी दिवे एकदम मागवले, आणि 2014 मध्ये तीनशेच्या वर असलेला घाऊक भाव दोन-अडीच वर्षांत चाळिशीच्या आत आला. काही राज्यांत लोकांनी दिव्याचे पैसे वीजबिलातून थोडे थोडे फेडले. बचतीतूनच किंमत फिटते, हे तत्त्व तिथे सामान्य घरापर्यंत पोचलं.

6. वीज गेली तर सौर चालू राहील ना?

नाही. साधा ग्रिडशी जोडलेला इन्व्हर्टर वीज जाताक्षणी बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या छतावरून झटका बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. भर दुपारी डोक्यावर ऊन तळपतंय, पॅनेल चमकतंय आणि घरात पंखा बंद, यावरून बरीच भांडणं माझ्यापर्यंत आली आहेत. वीज गेल्यावरही हवी असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. बॅटरीला अनुदान नाही, आणि प्रश्न 3 चा हिशेब तिच्यामुळे बराच लांबतो.

7. पावसाळा, खारा वारा, कौलारू छप्पर: आमचं घर चालेल का?

पाऊस हिशेबात धरलेलाच आहे. जून ते ऑगस्ट उत्पादन निम्म्यावर येतं, पण पॅनेल धुऊन निघतं. खारा वारा मात्र मनावर घ्या. शिवोलीच्या बाजूला एका घरी पॅनेल अगदी नव्यासारखं, पण सांगाड्याचे नट-बोल्ट तांबडे झालेले. पाना लावला तर बोल्टचं डोकंच तुटून हातात आलं. विक्रेत्याने सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेला दिला होता, बोल्ट साधे. कोटेशनमध्ये ‘स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट’ ही ओळ लिहून घ्या, किनाऱ्यापासून आत असलात तरी.

जांभ्या दगडात उन्हाळ्यात ओल राहत नाही, त्यामुळे अर्थिंग कमकुवत पडतं. पॅनेलसाठी, इन्व्हर्टरसाठी आणि (आकाशातली वीज पडली तर ती जमिनीत नेणाऱ्या) वीजरोधकासाठी तीन वेगळी अर्थिंगं हवीत. एकाच खड्ड्यात तिन्ही तारा सोडलेल्या दिसल्या तर काम थांबवा.

मंगळुरी कौलांवर संच बसतो, पण भार कौलांवर नव्हे, वाशांवर यायला हवा. तीन किलोवॅटची सहा पॅनेलं सांगाड्यासकट दोनशे किलोच्या वर जातात. आधी सुताराला माळ्यावर चढवा आणि वासे ठोकून बघायला सांगा. वाळवी लागली असेल तर पहिला खर्च छपराचा. सपाट स्लॅब असेल तर तीन किलोवॅटला सुमारे 300 चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. दहाच्या उन्हात माडाची सावली कुठे पडते, ते डिसेंबरात बघा. तेव्हा सूर्य खाली असतो.

8. वीजबिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे. घरात पाच वाटेकरी. काय करू?

निम्मे अर्ज इथेच अडतात, आणि पैशाच्या प्रश्नाशी याचा काडीचा संबंध नसतो.

अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो. बिलावरचं नाव, अर्जदाराचं नाव आणि अनुदान जमा होणारं बँक खातं जुळलं पाहिजे. आजोबांच्या नावाने अर्ज करता येत नाही, म्हणून आधी वीज खात्याच्या उपविभागात नावबदल. मृत्यूदाखला, पंचायतीची किंवा पालिकेची घरपट्टी पावती आणि इतर वारसांची संमती लागते. इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया) झालेली असेल तर त्यातलं पान दाखवलं की काम सोपं. नसेल, तर फक्त सौरासाठी इन्व्हेंटरी करत बसू नका, ते वर्षानुवर्षं चालतं. वाटेकऱ्यांचं ना हरकत पत्र घ्या. त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहा: छप्पर वापरायला हरकत नाही, आणि संच अमुक व्यक्तीच्या मालकीचा आहे. दुसरी ओळ राहिली की वाटणीच्या वेळी पॅनेलही वाटायला निघतं. कतार, कुवेतला किंवा लिस्बनला असलेल्या वाटेकऱ्याचं पत्र वेळ खातं, म्हणून पहिल्यांदा त्यालाच फोन करा.

गोव्याच्या कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सहसा सामाईक असते. त्यामुळे विनातारण कर्जालाही अनेक शाखा दोघांच्या सह्या मागतात. त्यात वावगं काही नाही, पत्नीला बरोबर घेऊनच जा. एक फेरी वाचते.

9. आम्ही मुंडकार. जागा भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची. आम्हाला मिळेल का?

वीजजोडणी तुमच्या नावावर असेल आणि घर तुमच्या ताब्यात असेल तर अर्ज करा. तीन किलोवॅटपर्यंतच्या कर्जाला घर गहाण पडत नाही, त्यामुळे जमिनीची मालकी बँकेच्या आड येत नाही. 1975 च्या मुंडकार कायद्याखालची नोंदणी किंवा खरेदीचा दाखला असेल तर प्रत सोबत ठेवा. जमिनीवर खांब रोवून संच उभा करायचा विचार असेल तर मात्र भाटकाराशी बोलल्याशिवाय खड्डा खणू नका. छपरावरच ठेवा.

10. फ्लॅटमध्ये राहतो. टेरेस सगळ्यांची आहे.

सोसायटीला सामाईक वापरासाठी (लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग) प्रति किलोवॅट 18,000 रुपये अनुदान आहे, घरटी 3 किलोवॅट धरून 500 किलोवॅटच्या मर्यादेत. ठराव सर्वसाधारण सभेत करा. एकेका फ्लॅटला आपल्या बिलात वीज हवी असेल तर व्हर्च्युअल नेट मीटरिंगचा मार्ग आहे. एकच संच, वाटणी मीटरवर. ऐकायला सोपं. टेरेसचा कोणता कोपरा कुणाचा यावरच सहा महिने जातात.

11. घराच्या दोन खोल्या होमस्टेला देतो. अनुदान मिळेल?

तुमची जोडणी बिलावर कोणत्या वर्गात आहे ते बघा. घरगुती असेल तर अर्ज होईल. व्यावसायिक असेल तर निवासी अनुदान नाही, प्रश्न 12 वाचा. अनुदानासाठी वर्ग बदलून घेण्याचा सल्ला देणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका, तपासणीत वीज खातं फरक लावतं.

12. छोटा कारखाना, काजूचं युनिट, हॉटेल: आमच्यासाठी काय आहे?

अनुदान नाही, पण तुमचा दर घरगुतीपेक्षा जास्त आणि करसवलत आहे, म्हणून गणित बहुधा घरापेक्षा चांगलं बसतं. सौर संचावर वर्षाला 40 टक्के घसारा मिळतो. वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्मा. म्हणून फेब्रुवारीत घाईने बसवणाऱ्याला पहिल्या वर्षी अर्धाच मिळतो. सौर उपकरणांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा त्याआधीचं कोटेशन पुन्हा काढून घ्या.

वीजबचतीच्या यंत्रांसाठी कर्जाचे पर्याय सौराइतके ठाऊक नसतात. सिडबी या छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी बँकेची 4ई योजना ऊर्जा तपासणीपासून यंत्रांपर्यंत कर्ज देते. ऊर्जा दक्षता ब्युरोने जुलै 2025 मध्ये 1,000 कोटींची अदिती योजना सुरू केली. त्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात 5 टक्के, मध्यमांना 3 टक्के सूट. मासळी, अन्नप्रक्रिया आणि औषधनिर्मिती ही आपल्याकडची क्षेत्रं त्यात आहेत, पण योजना निवडक समूहांपुरती आहे, म्हणून आपली वसाहत त्यात येते का ते आधी विचारा. तारण कमी पडत असेल तर सीजीटीएमएसई या सरकारी न्यासाची कर्जहमी मागा, बँक आपणहून सांगतेच असं नाही.

हॉटेलवाल्यांना एकच सांगेन: सौर पॅनेलचा फोटो वेबसाइटवर छान दिसतो, पण बिल गरम पाणी आणि एसी खातात. इलेक्ट्रिक गीझरच्या जागी हीट पंप घातला तर तेवढ्याच गरम पाण्याला वीज एक तृतीयांशाच्या आसपास लागते.

13. ‘तुम्ही एक पैसा भरू नका, आम्ही बसवतो’ म्हणणारी कंपनी खरी असते का?

असू शकते. याला रेस्को म्हणतात. संच कंपनीचा, छप्पर तुमचं, आणि तुम्ही ठरलेल्या दराने पंधरा-पंचवीस वर्षं युनिटाचे पैसे द्यायचे. मोठ्या छपरांना हे जमतं. करारात तीन कलमं नीट वाचा: दर दरवर्षी किती चढणार, मध्येच बाहेर पडायचं तर किती रक्कम, आणि छप्पर गळायला लागलं तर पॅनेल उचलायचा खर्च कुणाचा. आपल्या पावसात तिसरं कलम सर्वांत महत्त्वाचं. घरगुती स्वस्त दर भरणाऱ्याला रेस्कोचा दर वीज खात्यापेक्षा महाग पडण्याचीच शक्यता जास्त.

14. कुळागरासाठी (सुपारीच्या बागेसाठी) सौरपंप घ्यावा का?

जिथे वीजतार पोचली आहे तिथे घाई नको, शेतीचा दर आधीच नाममात्र आहे. तार दूर असेल आणि डिझेल पंप चालत असेल तर जरूर घ्या. 2019 च्या पीएम-कुसुम या केंद्राच्या सौरपंप योजनेत पंपाला केंद्राचे 30 आणि राज्याचे 30 टक्के, उरलेल्यापैकी बराचसा भाग कर्जाने. सुपारीच्या गर्द सावलीत पॅनेलला जागा मिळते का, तेवढं बघा.

15. फोन आला, लिंक पाठवली, ‘नोंदणी शुल्क’ मागितलं.

बंद करा. अर्ज फक्त सरकारी पोर्टलवर. ओटीपी कुणालाही देऊ नका.

16. परदेशातून हवामान निधीचे एवढे आकडे ऐकतो. ते पैसे आमच्या घरापर्यंत का येत नाहीत?

येतात, पण बँकेच्या पोटातून. श्रीमंत देशांनी 2009 मध्ये वर्षाला 10,000 कोटी डॉलरचं वचन 2020 साठी दिलं, ते 2022 मध्ये पुरं झालं. 2024 मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत 2035 पर्यंत वर्षाला 30,000 कोटी डॉलरचा आकडा ठरला. असा पैसा लाखाच्या कर्जांना थेट जात नाही, कारण लाखाच्या कर्जाच्या कागदपत्रांचा खर्च कोटीच्या कर्जाइतकाच. म्हणून तो बँकेला एकगठ्ठा देतात. 2016 मध्ये जागतिक बँकेने स्टेट बँकेला छतावरच्या सौरासाठी 62.5 कोटी डॉलर मंजूर केले, त्याच वर्षी आशियाई विकास बँकेने पंजाब नॅशनल बँकेला 50 कोटी. त्यातून आधी मोठी छपरं झाली: कारखाने, गोदामं, संस्था. शिवाय कर्ज डॉलरचं आणि उत्पन्न रुपयाचं असलं की रुपया घसरल्याचा धोका व्याजात चढतो.

छोट्या कर्जाचं जुनं उदाहरण शेजारीच आहे. 2003 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने कर्नाटकात कॅनरा आणि सिंडिकेट बँकेमार्फत घरगुती सौर दिव्यांच्या कर्जावर व्याजसवलत दिली. हजारो घरांनी कर्ज घेतलं. त्याहून मोलाचं म्हणजे शाखांमधल्या अधिकाऱ्यांना हे कर्ज कसं तपासायचं ते कळलं. बांगलादेशात त्याच वर्षी सुरू झालेल्या कार्यक्रमातून 40 लाखांवर घरांत हप्त्याने सौर दिवे गेले, पण पुढे गावात वीज आली आणि लोकांनी हप्ते थकवले. स्वस्त वीज दारात आली की सौराचा हप्ता जड वाटतो. प्रश्न 3 मधलं दुसरं घर आठवतंय ना?

17. आधी अनुदानाने एक किलोवॅट बसवला आहे. वाढवता येईल का? आणि कर्ज फिटायच्या आत घर विकलं तर?

वाढवता येतं. तीन किलोवॅटच्या मर्यादेत जेवढी भर पडेल तिच्यापुरतंच अनुदान. मंजूर भार अपुरा असेल तर वाढवून मिळतो, आणि दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला वेगळी तांत्रिक पाहणी लागत नाही.

घर विकलंत तर कर्ज तुमच्याच नावावर राहतं, ते घेणाऱ्याकडे आपोआप जात नाही. विक्रीच्या पैशातून बंद करा, किंवा उरलेली रक्कम किमतीत धरून सौदा करा. त्याच कुटुंबाला नव्या घरासाठी पुन्हा अनुदान मिळेल असं गृहीत धरू नका. पॅनेल, इन्व्हर्टर, विक्रेत्याची पाच वर्षांची देखभाल आणि वॉरंटीची कागदं कुणाकडे जाणार, हे विक्रीच्या करारातच लिहा, आणि वीज खात्यात मीटरचा नावबदल विक्रीखत झाल्या झाल्या करून टाका. नाहीतर प्रश्न 8 मधले आजोबा तुम्ही व्हाल.